टँकलेस वॉटर हीटर बसवायला किती वेळ लागेल? अंदाज बांधण्याची नीट पद्धत

टाकीचा जुना गिझर काढून टँकलेस, म्हणजे पाणी न साठवता वाहतं पाणीच तापवणारा, हीटर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न वेळेचाच येतो. त्यावर सहसा "होऊन जाईल एका दिवसात" असं ठोकून उत्तर मिळतं. ते कधी खरं ठरतं, तर कधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही घरात गरम पाणी नसतं. दोन्ही घरांत हीटर एकच आणि फिटरही तितकाच हुशार असू शकतो. फरक पडतो तो घरामुळे.

हीटर भिंतीवर टांगायला अर्धा तास पुरतो. बाकीचा दिवस त्याच्यापर्यंत पुरेसा गॅस किंवा वीज आणण्यात, पाण्याचे जोड करण्यात आणि जळलेला वायू सुरक्षितपणे बाहेर काढण्यात जातो. म्हणून हीटरचं मॉडेल सांगून वेळेचा अंदाज मागू नका. घर दाखवा, मग मागा. ही पाहणी कशी करायची आणि तिच्यातून तासांचा आकडा कसा काढायचा, ते पुढे सांगतो. गॅस आणि विजेची प्रत्यक्ष जोडणी मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी. अंदाज तुमचा तुम्ही बांधू शकता, आणि तो बांधलात तर फिटरशी बोलणंही मुद्द्याचं होतं.

आधी कुठला वेळ मोजायचा ते ठरवा

"किती वेळ" या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला, प्रत्यक्ष कामाचे तास किती. दुसरा, घरात गरम पाणी किती वेळ बंद राहील. आणि तिसरा, आज ठरवलं तर काम पूर्ण होईपर्यंत कॅलेंडरवर किती दिवस जातील. या तिन्हींची उत्तरं फार वेगवेगळी असतात. काम दहा तासांचं असलं तरी नीट आखलं तर गरम पाणी सहाच तास बंद राहतं. आणि त्याच दहा तासांच्या कामाला परवानगी, विजेचा लोड वाढवणं, सामान येणं आणि तपासणी धरून तीन आठवडेही लागू शकतात.

घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर तुमच्या दृष्टीने दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फिटर मात्र बहुधा पहिल्याचं उत्तर देत असतो. त्यामुळे विचारतानाच तिन्ही वेगळे विचारा आणि उत्तरंही वेगळी लिहून घ्या.

ढोबळ चौकट

बारीक हिशोबात शिरण्याआधी काम साधारण कुठल्या गटात बसतं ते पाहू.

एका नळापुरता छोटा इलेक्ट्रिक इन्स्टंट हीटर असेल आणि त्याच्याजवळ योग्य क्षमतेचा विजेचा पॉइंट तयार असेल, तर एक ते दोन तास धरावेत. जुना टँकलेस काढून त्याच जातीचा आणि त्याच क्षमतेचा नवा लावायचा असेल, तर दोन ते चार तास. टाकीचा गॅस हीटर काढून संपूर्ण घरासाठी गॅसचा टँकलेस लावायचा असेल, तर सहा ते दहा तास, म्हणजे एक चांगला लांब दिवस. आणि हीटरची जागाच बदलायची, गॅसची लाइन नवीन टाकायची किंवा विजेचा मुख्य बोर्ड बदलायचा असं काही असेल, तर दोन ते तीन दिवसांचं काम समजावं. त्यात परवानगीचा वेळ धरलेला नाही.

तुमचं काम कुठल्या गटात पडतं हे ठरवायचं असेल तर सुरुवात हीटरच्या क्षमतेपासून करावी लागते.

पहिली पायरी: किती मोठा हीटर लागणार

क्षमतेचा आणि वेळेचा काय संबंध, असं वाटेल. संबंध थेट आहे. टाकीचा हीटर पाणी सावकाश तापवून साठवतो, त्यामुळे त्याचं काम कमी शक्तीत भागतं. टँकलेसला वाहतं पाणी काही सेकंदांत तापवायचं असतं, म्हणून त्याला एकदम खूप शक्ती लागते. तेवढी शक्ती पुरवायची सोय घरात नसली की काम लांबतं.

हिशोब सोपा आहे. दर मिनिटाला किती लिटर पाणी हवं त्याला, ते किती अंश सेल्सिअसने तापवायचं आहे त्या आकड्याने गुणा आणि आलेल्या गुणाकाराला ०.०७ ने गुणा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. एका वेळी एक शॉवर (मिनिटाला ८ लिटर) आणि एक बेसिन (४ लिटर) चालावं अशी अपेक्षा असेल आणि पाणी २५ अंशांनी तापवायचं असेल, तर १२ × २५ × ०.०७ म्हणजे २१ किलोवॅट. हिवाळ्यात नळाचं पाणी फार गार होत असेल आणि ते ४० अंशांनी चढवायचं असेल, तर तोच हिशोब सुमारे ३४ किलोवॅटवर जातो. हिशोब नेहमी हिवाळ्याचाच करावा.

तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २५ अंशांच्या वाढीला मिनिटाला जेमतेम १.७ लिटर पाणी देतो. हात धुवायला, भांडी विसळायला तेवढं पुरतं. त्यावर शॉवर चालवायचा म्हटलं तर निराशाच पदरी येते. हे आधी कळलं नाही तर बसवलेला हीटर उतरवून मोठा लावण्यात दुसरा दिवस जातो.

दुसरी पायरी: घराची पाहणी

या पाहणीला एक तास द्या. अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच घाई केल्यामुळे.

*गॅसची लाइन.* टाकीचा साधारण घरगुती गॅस हीटर सुमारे १२ किलोवॅटचा असतो. पूर्ण घराचा मोठा टँकलेस ५८ किलोवॅटपर्यंत जातो. म्हणजे पूर्ण ताकदीने चालताना त्याला चार-पाच पट गॅस लागतो. जुन्या हीटरला आलेला अर्धा इंची पाइप एवढा गॅस देईलच असं नाही. पाइप किती लांब आहे, वाटेत किती एल्बो (वळणाचे जोड) आहेत, त्याच लाइनवर शेगडी किंवा दुसरं काही चालतं का, आणि मीटर व रेग्युलेटर किती गॅस सोडू शकतात, या सगळ्यावर ते ठरतं. पाऊण इंची पाइप मीटरपासून नवीन टाकावा लागला तर दोन ते चार तास वाढले म्हणून समजा. पाइप भिंतीच्या आतून किंवा माळ्यावरून न्यायचा असेल तर आणखी. मीटरच बदलायचा असेल तर ते काम गॅस पुरवठादाराचं. त्याची तारीख त्याच्या सोयीने मिळते, आणि कॅलेंडरचे दिवस वाढतात ते इथे.

पाइप कमी पडत असतानाही हीटर लावून टाकला तर तो चालू होतो. एका नळावर व्यवस्थित चालतोही. दोन नळ एकदम उघडले की पाणी कोमट होतं किंवा बर्नर मध्येच विझतो. त्यामुळे "चालू झाला" एवढ्यावर समाधान मानणाऱ्या फिटरला गॅस लाइनचा हिशोब केला का, असं स्पष्ट विचारा.

*धूर बाहेर नेण्याची वाट.* जुन्या टाकीच्या हीटरचा व्हेंट पाइप नव्याला सहसा चालत नाही. साध्या, म्हणजे नॉन-कंडेन्सिंग, टँकलेसमधून येणारा वायू खूप गरम असतो. त्यासाठी कंपनीने सांगितलेला खास धातूचा पाइपच लागतो. कंडेन्सिंग हीटर त्या वायूतली उष्णताही पाण्यात घेतो, त्यामुळे बाहेर येणारा वायू बराच थंड असतो आणि कंपनीने मान्यता दिलेला प्लास्टिकचा व्हेंट पाइप चालतो. मात्र त्यात वायूतल्या वाफेचं पाणी होतं. ते आम्लधर्मी असतं आणि त्याला वेगळी निचऱ्याची नळी काढावी लागते. ठिकठिकाणच्या नियमांप्रमाणे ते पाणी चुनखडीच्या गाळणीतून सोडावं लागतं. या नळीचे अर्धा-पाऊण तास अंदाजात धरायचे बरेच जण विसरतात.

पाहणी करताना भिंतीची जाडी मोजा. बाहेरची भिंत लागूनच असेल तर सरळ भोक पाडून काम होतं. विटांच्या भिंतीत कोअर कटिंग मशिनने अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छ गोल भोक पडतं. काँक्रीट असेल आणि आत सळई लागली तर तेच काम दोन तासांवर जातं. पाइपला दोन-तीन वळणं घ्यावी लागत असतील तर कंपनीची पुस्तिका उघडा. प्रत्येक एल्बोमुळे पाइपची परवानगी असलेली एकूण लांबी कमी होते. बाहेरचं तोंड खिडकीपासून, दारापासून आणि जमिनीपासून किती लांब हवं याचेही आकडे तिथेच असतात. ही अंतरं बसत नसतील तर हीटरची जागाच बदलावी लागते. ते पाहणीच्या दिवशी कळलेलं बरं.

या बाबतीत वेळ वाचवायच्या नादात तडजोड करू नका. जळलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. खोलीतलीच हवा वापरणारा गॅस हीटर बाथरूममध्ये बसवायचाच नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

*वीज.* गॅसच्या टँकलेसला फक्त पंखा, इग्निशन आणि सर्किट बोर्डापुरती वीज लागते. जवळ अर्थिंगचा साधा पॉइंट असला की झालं. नसला तर तो ओढायला एक-दीड तास. इलेक्ट्रिक टँकलेसची गोष्ट वेगळी. ९ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर ३९ अँपिअर करंट घेतो. २७ किलोवॅटचा थ्री-फेजवर दर फेजला तेवढाच घेतो. इतक्या लोडला हीटरसाठी वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि मुख्य बोर्डात तेवढी शिल्लक क्षमता हवी. बोर्डापासून हीटरपर्यंतचं अंतर टेपने मोजा. उघड्या केसिंगमधून वायर न्यायची असेल तर दोन-तीन तास, भिंत फोडून न्यायची असेल तर दिवसभर. मंजूर लोड वाढवायचा असेल तर वीज पुरवठादाराच्या तारखेची वाट पाहणं आलं. म्हणून इलेक्ट्रिक हीटर लवकर बसतो हा समज छोट्या हीटरपुरताच खरा आहे.

*पाणी.* इथे काम तुलनेने सरळ असतं, पण पाइप कशाचे आहेत ते बघा. पेक्सचे (लवचीक प्लास्टिक पाइपाचे) जोड झटपट होतात. तांब्याला सोल्डरिंग करावं लागतं. सीपीव्हीसीचा (गरम पाण्याच्या कडक प्लास्टिक पाइपाचा) जोड मिनिटात चिकटतो, पण दाबाचं गरम पाणी सोडण्याआधी सोल्व्हंटच्या, म्हणजे जोड चिकटवणाऱ्या द्रवाच्या, डब्यावर लिहिलेला वेळ थांबावंच लागतं. हा वेळ कामाच्या तासांत कोणी धरत नाही आणि नेमका संध्याकाळी आडवा येतो. जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप गंजलेले असतील तर एक जोड सोडवताना पुढचा तुकडा पिचतो. अशा पाइपांच्या घरात या टप्प्याचा वेळ सरळ दुप्पट धरा.

मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, हेही याच दिवशी तपासा. व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा आणि पाच मिनिटं थांबा. पाण्याची बारीक धार चालूच राहिली तर आधी तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल. ऐन कामात हे लक्षात आलं तर सगळ्यांचा तासभर खोळंबा होतो.

तिसरी पायरी: कामाचे तुकडे पाडा

आता अख्ख्या कामाचा एकदम अंदाज न करता टप्प्याटप्प्याचा करा. प्रत्येक टप्प्याला तीन आकडे लिहा: सगळं सुरळीत गेलं तर किती मिनिटं, नेहमीसारखं गेलं तर किती, आणि अडचणी आल्या तर किती. नेहमीच्या आकड्याला चारने गुणा, त्यात उरलेले दोन मिळवा आणि बेरजेला सहाने भागा. ही पद्धत पर्ट या नावाने ओळखली जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ती तयार झाली. घरातल्या कामालाही ती चांगली लागू पडते, कारण तिच्यात अडचणींचा वेळ हिशोबात धरावाच लागतो.

उदाहरण म्हणून १९० लिटरच्या टाकीचा गॅस हीटर काढून जवळच्याच दुसऱ्या भिंतीवर कंडेन्सिंग टँकलेस लावायचा आहे असं धरू. बाहेरची भिंत विटांची, गॅसची लाइन नवीन. एक फिटर आणि एक मदतनीस. आकडे मिनिटांत, क्रमाने सुरळीत, नेहमीचा, अडचणीचा:

१. सामान तपासणं, जागा मोकळी करणं आणि झाकणं: २०, ३०, ४५
२. व्हेंटसाठी भिंतीत भोक: ३०, ४५, १२०
३. हीटर मापात टांगणं: २०, ३०, ६०
४. नवीन गॅस लाइन आणि तिची दाब चाचणी: ९०, १२०, २४०
५. जुनी टाकी रिकामी करून काढणं: ४०, ६०, १५०
६. पाण्याची जोडणी: ६०, ९०, १५०
७. व्हेंट पाइप बसवणं: ४५, ६०, १२०
८. वीज आणि निचऱ्याची नळी: ३०, ४५, ९०
९. चाचणी आणि सेटिंग: ४०, ६०, १२०
१०. आवराआवर आणि घरच्यांना दाखवणं: २०, ३०, ४५

सुरळीत आकड्यांची बेरीज ३९५ मिनिटं, म्हणजे साडेसहा तास. "एका दिवसात होईल" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाच आकडा असतो. नेहमीच्या आकड्यांची बेरीज ५७० मिनिटं, म्हणजे साडेनऊ तास. अडचणीच्या आकड्यांची ११४०, म्हणजे १९ तास. वरच्या सूत्राने उत्तर येतं ६३६ मिनिटं, साधारण १० तास ३५ मिनिटं. आठ तासांच्या दिवसात हे काम बसत नाही, हे कागदावरच दिसलं.

आता हेच टप्पे दोन दिवसांत वाटा. पहिले चार टप्पे जुना हीटर चालू असतानाच करता येतात. त्यांचा अंदाज २५४ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. उरलेल्या सहा टप्प्यांचा ३८२ मिनिटं, म्हणजे सहा तास वीस मिनिटं. पहिल्या दिवशी दुपारनंतर चार टप्पे उरकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जुनी टाकी बंद केली, तर दुपारच्या जेवणाची सुट्टी धरूनही संध्याकाळी साडेचारच्या आसपास नळाला गरम पाणी येतं. कामाचे तास तेवढेच राहिले, पण एकाही रात्री घर गरम पाण्यावाचून राहिलं नाही. नवा हीटर जुन्याच्याच जागी बसवायचा असेल तर ही सोय पूर्ण मिळत नाही, तरी गॅस लाइनचा मोठा भाग आणि भोक आधी होऊ शकतं. कामाचा असा क्रम लावून द्यायला फिटरला सांगा. बहुतेक जण सांगितलं तर लावतात, स्वतःहून मात्र सगळं एकाच दिवशी काढतात.

आकडे लिहिताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे अडचणी एकेकट्या येत नाहीत. ज्या घरात भिंत जाड तिथेच बहुधा पाइप जुने, आणि तिथेच व्हॉल्व्ह अडकलेला. पाहणीत दोन ठिकाणी गडबड दिसली तर सूत्राच्या उत्तरावर थांबू नका, त्यावर निम्मा वेळ आणखी ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे माणसं दुप्पट केली म्हणून वेळ निम्मा होत नाही. एक जण गॅस लाइन ओढताना दुसरा भोक पाडू शकतो, त्यात तास-दीड तास वाचतो. पण हीटरसमोरच्या दोन फुटांत दोघांना एकदम पाना फिरवता येत नाही, आणि चाचणी तर सगळं जोडून झाल्याशिवाय सुरूच होत नाही.

कुठले टप्पे हमखास लांबतात

वरच्या यादीत तीन ठिकाणी मला नेहमी जास्त वेळ ठेवावासा वाटतो.

जुनी टाकी रिकामी करणं हे पहिलं. मिनिटाला आठ लिटरने पाणी गेलं तर १९० लिटरला पंचवीस मिनिटंही लागत नाहीत. पण वर्षानुवर्षं तळाशी साचलेला क्षार निचऱ्याच्या तोटीत येऊन अडकतो. नळीतली धार आधी पांढुरकी होते, मग करंगळीएवढी, मग ठिपके. तार घालून तोटी मोकळी करायची, दहा लिटर पाणी जाऊ द्यायचं, पुन्हा तार घालायची, असं करत दीड तास सहज जातो. यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशीच तोटी उघडून बादलीभर पाणी काढून बघणं. धार नीट आली तर नेहमीचा आकडा ठेवा, नाही तर अडचणीचा. पाणी कढत असतं, सांभाळून काढा. टाकी रिकामी करायच्या दोन-तीन तास आधी हीटर बंद केलेला बरा.

दुसरं, गॅसच्या गळतीची चाचणी. लाइनमध्ये हवेचा दाब भरून गेजचा काटा हलतो का हे पाहत थांबायचं, आणि मग गॅस सोडल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं. गळती असली की जोडाच्या कडेला आधी मोहरीएवढा बुडबुडा दिसतो, तो हळूहळू फुगतो, फुटतो, आणि त्याच जागी पुन्हा येतो. तो जोड सोडवून, आटे पुसून, नवीन सीलंट लावून पुन्हा आवळायचा आणि चाचणी पहिल्यापासून करायची. एका गळक्या जोडाला अर्धा तास धरावा. हा वेळ कोणत्याही कारणाने कापू नये, आणि फिटर कापत असेल तर त्याला थांबवावं.

तिसरं, व्हेंट पाइपचा उतार. कंडेन्सिंग हीटरच्या धुराच्या पाइपातलं पाणी हीटरकडे परत यावं म्हणून त्याला दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर उतार देतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. भोक पाडतानाच हा उतार धरला नाही तर पाइप उलटा कलतो, पाणी मध्येच साचतं आणि हीटर एरर दाखवून बंद पडतो. मग भोक मोठं करणं, पुन्हा भरणं आणि सगळे जोड नव्याने करणं आलं. भोकाची खूण करताना लेव्हल लावायला पाच मिनिटं लागतात. तीच इथले दोन तास वाचवतात.

चाचणीला पुरेसा वेळ ठेवा

संध्याकाळ झाली की सगळ्यांनाच आटपायची घाई होते, आणि कात्री लागते ती चाचणीला. तिला किमान एक तास राखून ठेवा.

पाणी सोडल्यावर आधी गरम पाण्याचे सगळे नळ उघडून पाइपातली हवा जाऊ द्यायची. इलेक्ट्रिक हीटर असेल तर नळाची धार अखंड, फुसफुस न करता येईपर्यंत एमसीबी चालू करायचाच नाही. आत हवा असताना वीज दिली तर एलिमेंट काही क्षणांत जळतं, आणि त्याच दिवशी नवं मिळेलच असं नाही. गॅसच्या हीटरला नव्या लाइनमधल्या हवेमुळे पहिल्या काही प्रयत्नांत ज्योत लागत नाही आणि एरर येतो. तो बिघाड समजून घाबरून जाऊ नका. पुस्तिकेप्रमाणे रीसेट करून पुन्हा प्रयत्न केला की हवा निघून जाते.

मग थंड पाण्याच्या वाटेवरची जाळी काढून धुवायची, कारण पाइप कापताना पडलेला कचरा पहिल्या पाण्याबरोबर तिथेच येऊन बसतो. त्यानंतर एक बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. दहा लिटरची बादली भरायला ७५ सेकंद लागली तर प्रवाह मिनिटाला आठ लिटर आहे. थर्मामीटरने थंड आणि गरम दोन्ही पाण्यांचं तापमान मोजा आणि पहिल्या पायरीतल्या हिशोबाशी ताडून बघा. शेवटी दोन-तीन गरम नळ आणि शेगडी एकदम चालू करून गॅसचा दाब टिकतो का ते फिटरला गेज लावून दाखवायला सांगा. तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवलं की घरातल्या बहुतेक कामांना पुरतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर ते कुणाच्या हाताने वाढणार नाही अशी लॉकची सोय वापरा.

हीटरजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायला दहा मिनिटं लागतात. ती यादीत धराच.

दिवस हातातून जातोय असं वाटलं तर

अंदाज कितीही नीट बांधला तरी काम अडू शकतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच फिटरबरोबर एक गोष्ट ठरवा: जुना हीटर सोडवायला किती वाजेपर्यंतच हात घालायचा. एकदा पाणी तोडून टाकी रिकामी केली की मागे फिरणं अवघड असतं. वरच्या उदाहरणात टाकी बंद केल्यापासून सहा-साडेसहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला काम संपवायचं असेल, तर सकाळी साडेअकरानंतर जुन्या हीटरला हात लावायचा नाही. तोपर्यंत गॅस लाइनची चाचणी झाली नसेल किंवा भोक पूर्ण झालं नसेल, तर त्या दिवशी तेवढंच पूर्ण करायचं आणि उरलेलं उद्यावर टाकायचं. जुना हीटर आणखी एक रात्र चालतो, कुणाचं काही अडत नाही, आणि फिटरही रात्री आठला घाईघाईत गॅसचे जोड आवळत बसत नाही.

परवानगी आणि तपासणी लागणारं ठिकाण असेल तर तपासणीची वेळ ठरल्याशिवाय भिंत बंद करू नका, पाइपांवर प्लास्टर करू नका. तपासनीस झाकलेलं उघडायला सांगतो, आणि मग गवंड्याचा वेगळा दिवस वाढतो. नियम जिथे तसे असतील तिथे तपासणी झाल्याशिवाय हीटर वापरताही येत नाही. तेव्हा "गरम पाणी कधी" याचं उत्तर फिटरकडे नसून तपासणीच्या तारखेत असतं. ती तारीख आधी घ्या आणि मग फिटरला दिवस द्या.

काम संपल्यावर फिटर जाण्याआधी गॅसचा, पाण्याचा आणि विजेचा बंद करायचा स्विच किंवा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी दाखवून घ्या आणि स्वतःच्या हाताने एकदा फिरवून बघा. हीटरखालचे सर्व्हिस व्हॉल्व्ह, म्हणजे पुढे क्षार काढण्यासाठी लागणाऱ्या तोट्या, बसवल्या आहेत ना हेही बघा. आता त्या बसवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नंतर बसवायच्या म्हटल्या तर पुन्हा पाणी तोडून अर्धा दिवस जातो.

बसवल्याची तारीख, गॅसचा मोजलेला दाब आणि पाण्याची दोन तापमानं मार्करने हीटरच्या बाजूला लिहून ठेवा. आठवडाभराने जाळी पुन्हा एकदा काढून धुवा. पहिल्या दिवसांत सुटलेला कचरा तिथे सापडतोच. त्याच वेळी सगळ्या जोडांखालून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. कुठे ओला झाला तर लगेच फिटरला बोलवा.